चॅटरबेटने बास कसा धरायचा: बांधण्यापासून मासा हातात येईपर्यंत

चॅटरबेट म्हणजे जिगच्या (वजनदार डोकं असलेल्या हूकच्या) तोंडापुढे पत्र्याचं षटकोनी पातं जोडलेलं ल्यूर, म्हणजे मासे धरायचं नकली आमिष. बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या मागे लागलेल्या जवळपास प्रत्येकाच्या बॉक्समध्ये एक-दोन पडलेले असतातच, पण वापरायची पद्धत बहुतेकांची एकच, लांब फेकायचं आणि सरळ ओढत आणायचं, लागला तर लागला. आता खोटं कशाला बोलायचं, तसंही लागतात मासे. पण या ल्यूरचं पातं सतत लाइन (गळाची दोरी) आणि रॉडमधून (गळाच्या काठीतून) हाताला खबर देत असतं, आणि ती खबर ज्याला वाचता येते त्याला त्याच पाण्यात, त्याच ल्यूरवर कितीतरी जास्त मासे मिळतात. म्हणून खाली रॉडपासून ट्रेलरपर्यंत जे काही सांगतोय ते सगळं याच हिशोबानं की पात्याची थरथर हाताला नीट कळली पाहिजे.

थोडा इतिहास सांगतो, दोन मिनिटांचा. हे ल्यूर अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यातलं. रॉन डेव्हिस आणि त्यांच्या मुलाने रॅड ल्यूर्स नावाने ते आणलं आणि २००६ मध्ये फ्लोरिडाच्या ओकीचोबी तळ्यावर ब्रायन थ्रिफ्टने त्याच्यावर स्पर्धा मारली तसा एकदम बोलबाला झाला. पुढे हक्क झी-मॅन कंपनीकडे गेले. चॅटरबेट हे खरं तर त्यांचं ब्रँडनेम, बाकी कंपन्या ब्लेडेड जिग म्हणून विकतात, पण बोलताना सगळेच सरसकट चॅटरबेट म्हणतात, मी पण तेच म्हणणार. नंतर जपानच्या एव्हरग्रीन कंपनीसोबत मिळून, ब्रेट हाइट या स्पर्धक अँगलरच्या मदतीने जॅकहॅमर नावाचं मॉडेल आलं, ते महाग आहे पण अगदी हळू ओढलं तरी लगेच थरथरायला लागतं, आणि पुढे वाचाल तसं कळेल की हा गुण किती कामाचा आहे.

ल्यूर नेमकं काय करतं

ओढलं की पाण्याचा दाब पात्यावर येतो, पातं एका बाजूला फिरतं, जिगच्या डोक्याला आपटतं, उलट फिरतं, परत आपटतं, आणि हे इतक्या भरभर होतं की सगळं ल्यूरच हादरत पुढे येतं. बासच्या अंगावर दोन्ही बाजूंना जी पार्श्वरेषा असते तिच्यामुळे त्याला पाण्यातली हालचाल न बघताही जाणवते, त्यामुळे गढूळ पाण्यात, अंधारात, दाट गवतात, जिथे दिसत काही नाही तिथे हे ल्यूर भारी चालतं. स्पिनरबेट नावाच्या ल्यूरचं पातं गोल फिरतं आणि चमकतं, याचं पातं आपटतं, हा फरक लक्षात ठेवा. चांगलं चॅटरबेट अधूनमधून आपोआप एका बाजूला झोकांडी खातं आणि परत लाइनवर येतं. त्याला हंटिंग म्हणतात आणि मागे येणारा बास बहुतेकदा त्याच क्षणी तोंड टाकतो.

दुसरी गोष्ट, पातं पुढे असल्यामुळे ते पाणी कापताना वरही ढकललं जातं. जितकं जोरात ओढाल तितकं ल्यूर वर येणार. खोली राखायची असेल तर स्पीड, वजन आणि लाइन या तिघांचा हिशोब एकत्रच करावा लागतो.

पायरी १: रॉड, रील, लाइन

रॉड ७ फूट ते ७ फूट ३ इंच, मीडियम-हेवी पॉवर, पण ॲक्शन मॉडरेट, म्हणजे टोकच नाही तर रॉड थोडा मधूनही वाकला पाहिजे. जिगसाठी जो ताठ फास्ट (फक्त टोकाशी वाकणारा) रॉड वापरतो तो इथे त्रासाचा. मासा हलत्या ल्यूरवर येतो, तोंडात घेतो, आणि ताठ रॉडमुळे आपण त्याच्या तोंडातून ते ओढून काढतो, निदान अर्धवट तरी. ग्लास (फायबरग्लास) किंवा ग्लास-ग्राफाइट मिश्र रॉड मासा चावल्यावर थोडा सैल देतो, तेवढ्यात हूक आत जातो. पूर्ण ग्लास रॉडबद्दल माझं मत मात्र जरा वेगळं आहे, दाट गवतातून ल्यूर झटकून काढायचं असेल तर तो फारच लिबलिबीत पडतो आणि थरथर पण हाताला बोथट येते. मिश्र रॉड हा मधला मार्ग, एकच घ्यायचा असेल तर तोच घ्या.

रील बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं, आडव्या चक्रीचं), गिअर रेशो ६ ते ७ च्या आसपास, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात चक्री तितके फेरे घेते. त्याहून फास्ट रीलवर आपण नकळत भराभर ओढतो आणि ल्यूर वरवर तरंगत येतं.

लाइन १५ ते २० पाउंड फ्लोरोकार्बन. ती पाण्यात बुडते, त्यामुळे ल्यूर खाली राहतं, आणि थोडी ताणते. एकदम दाट गवत असेल, मोठे मासे असतील तर ४० ते ५० पाउंड ब्रेड (विणलेली लाइन), गवत कापत येते, पण ब्रेड तरंगते आणि अजिबात ताणत नाही, म्हणून तिच्यासोबत रॉड अजून थोडा नरम हवा. मोनो (साधी नायलॉनची लाइन) चालते का, चालते, उथळ पाण्यात हळू ओढायचं तर मुद्दाम मोनो लावणारे पण आहेत कारण ल्यूर वर राहतं.

गाठ पालोमर किंवा क्लिंच, आणि ती स्नॅपलाच (पात्याला लावलेल्या छोट्या उघडबंद कडीलाच) बांधायची. कंपनीने दिलेला स्नॅप काढून थेट पात्याच्या भोकात लाइन बांधली तर पात्याची हालचाल मरते आणि पत्र्याची कड लाइन घासून कापते ते वेगळंच.

पायरी २: वजन निवडणं

३/८ औंस म्हणजे साधारण साडेदहा ग्रॅम आणि १/२ औंस म्हणजे १४ ग्रॅम, या दोघांत बहुतेक सगळं भागतं. ४-५ फुटांपर्यंत उथळ पाणी असेल तर ३/८, ५ ते १० फूट असेल तर १/२. पृष्ठभागाजवळ आलेल्या गवताच्या वरून, फूट-दोन फूट पाण्यात फिरवायचं असेल तर १/४ औंस, आणि खोल गवताच्या कडेला १० फुटांखाली न्यायचं तर ३/४. शंका आली की मी १/२ लावतो, कारण वाऱ्यात नीट जातं आणि पातं पण त्याच्यावर जास्त ठणठणीत वाजतं.

पायरी ३: ट्रेलर, आणि इथे घाई करू नका

ट्रेलर म्हणजे हूकवर मागून लावायचा मऊ प्लास्टिकचा मासा किंवा क्रॉ (क्रेफिश, झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला प्राणी). लोक रंगावर तासभर वाद घालतात आणि ट्रेलर जो हाताला येईल तो खुपसतात, खरं तर ल्यूर किती थरथरणार, किती खोल जाणार, झोकांडी खाणार की नाही, हे बरंचसं ट्रेलरच ठरवतो.

सपाट, दोन शेपट्या असलेला सडपातळ मिनो (छोट्या माशासारखा) ट्रेलर, यामामोतोचा झाको त्यातला सगळ्यात ओळखीचा, पाण्याला अडवत नाही म्हणून पातं मोकळं सुटतं आणि ल्यूर बाजूला झोकांडी खात येतं. सुरुवात याच्यापासून करा. पॅडल टेल, म्हणजे मागे गोल चकतीसारखी शेपूट हलणारा स्विमबेट, हा ल्यूरला वर उचलतो आणि थोडं स्थिर करतो, म्हणजे हळू ओढायला आणि गवताच्या डोक्यावरून न्यायला चांगला, पण फार मोठा लावलात तर शेपूट आणि पातं यांची आपसात मारामारी होते आणि थरथर मंदावते. ३ ते ४ इंचांच्या पुढे सहसा जायची गरज नाही. क्रॉ ट्रेलर थंड पाण्यात, वसंताच्या सुरुवातीला, दगड आणि गवताच्या बुडाशी हळू फिरवायला.

लावायचा कसा, तर आधी ट्रेलर हूकच्या बाजूला धरून बघा हूकचं टोक नेमकं कुठून बाहेर यायला पाहिजे, तिथे नखाने खूण करा, नाकाच्या बरोबर मधून हूक घाला आणि खुणेतून बाहेर काढा. वाकडा बसला तर काढून परत लावा, कंटाळा करू नका, कारण वाकड्या ट्रेलरवर ल्यूर कुशीवर पडून येतं आणि ते फेकत बसणं म्हणजे वेळ वाया. सरळ बसल्यावर कीपरजवळ (ट्रेलर धरून ठेवणाऱ्या भागाजवळ) सुपरग्लूचा एक थेंब टाकला की दिवसभर घसरत नाही.

स्कर्ट, म्हणजे डोक्याभोवतीची रबरी झालर, लांब असेल तर हूकच्या वळणाच्या जरासा मागे येईल इतका कापा. मासे नुसते मागून टोचा मारून जात असतील तर स्कर्ट आणि ट्रेलर दोन्ही आखूड करून बघा. मागे दुसरा हूक लावणं मला पटत नाही, मोकळ्या पाण्यात ठीक आहे, गवतात तो नुसता कचरा गोळा करतो.

आता बोटीच्या किंवा काठाच्या बाजूला ६ फूट लाइन सोडून ल्यूर पाण्यातून ओढून बघा. हँडलच्या एका फेऱ्यात थरथर सुरू झाली पाहिजे आणि ल्यूर सरळ उभं यायला पाहिजे. मोबाईल व्हायब्रेटवर ठेवून टेबलावर वाजतो तसा तो बारीक, एकसारखा गुर्र हाताला यायला हवा. तो गुर्र नीट ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

पायरी ४: रंग

फार डोकं लावू नका. पाणी थोडंफार साफ असेल तर ग्रीन पंपकिन. गढूळ पाणी किंवा रात्र असेल तर ब्लॅक-ब्लू. बास शॅडसारख्या चंदेरी माशांच्या मागे असेल तर पांढरा. वसंताच्या सुरुवातीला लालसर किंवा नारिंगी झाक असलेला क्रॉ रंग. झालं. एकदम काचेसारख्या पाण्यात, कडक उन्हात, वारा नसताना हे ल्यूरच बॉक्समध्ये ठेवा, बास त्याला फार निरखून बघतो, अशा दिवशी दुसरं काही सौम्य टाकलेलं बरं. याउलट ढगाळ हवा, वाऱ्याने पाण्यावर लाटा, दृश्यता १ ते ३ फूट, असा दिवस मिळाला तर दुसरं काही बांधूच नका.

पायरी ५: जागा

चॅटरबेटचं पहिलं घर म्हणजे पाण्याखालचं गवत. हायड्रिला, मिलफॉइल, इलग्रास, जे पृष्ठभागापासून फूट-दोन फूट खाली थांबलंय असं गवत मिळालं तर त्याच्या डोक्यावरून ओढत न्या. पण गवताच्या मैदानात कुठेही फेकत बसू नका, जिथे काहीतरी बदलतंय ती जागा शोधा: गवताची कड, गवताला पडलेलं भोक, बाहेर आलेलं टोक, दोन प्रकारचं गवत मिळतं ती रेघ, गवत संपून दगड सुरू होतात ती जागा. बास तिथे दबा धरून असतो. कडेला समांतर फेकता आलं तर सगळ्यात उत्तम, कारण ल्यूर पूर्ण वेळ कामाच्या पाण्यात राहतं, आडवं फेकलं तर दोन-तीन सेकंदच.

लव्हाळ्याच्या काठाला, धक्क्यांच्या सावलीत, दगडी बांधावर पण चालतं. स्मॉलमाउथ बास तर दगडांवर आणि मोकळ्या पाण्यात पांढऱ्या चॅटरबेटवर अगदी तुटून पडतो. लिली पॅडच्या जाड देठांत मात्र नको, हूक उघडा असतो आणि पातं देठांत अडकतं, तिथे स्विम जिग (पातं नसलेला, पोहत आणायचा जिग) बरा. पडलेल्या झाडात टाकता येतं पण हळू आणलं आणि फांदीला लागल्यावर झटका न देता नुसतं टोक वर करून सरकवलं तरच, नाहीतर ल्यूर गेलंच समजा.

पाण्याच्या तापमानाचं म्हणाल तर अंडी घालायच्या आधीचा काळ, पाणी १० ते १६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान चढत असताना, हा याचा सीझन. मोठ्या माद्या खोलातून उथळ कोपऱ्यांकडे सरकत असतात आणि वाटेत गवताच्या शेवटच्या कडेला थांबतात, तिथेच टाका. अंडी घालून झाल्यावर पहाटे शॅड मासे दगडांवर, धक्क्यांवर, काठाच्या गवतावर अंडी घालायला येतात तेव्हा पांढरं चॅटरबेट जोरात वरून फिरवा, ऊन चढलं की हा खेळ संपतो त्यामुळे उशिरा उठणाऱ्यांचं काम नाही. कडक उन्हाळ्यात पहाटे-संध्याकाळी उथळ, दुपारी ३/४ औंस घेऊन खोल गवताची बाहेरची कड. शरद ऋतूत छोटे मासे खाड्यांच्या आतल्या टोकांना जातात, बासही मागोमाग, तिथे परत पांढरं. हिवाळ्यात हिरवं राहिलेलं गवत मिळालं तर हळू, अगदी हळू.

पायरी ६: ओढायचं कसं

लक्ष्याच्या पुढे फेका, थेट डोक्यावर नाही. ल्यूर पाण्यात पडलं की हव्या त्या खोलीपर्यंत बुडू द्या, मग एक छोटा झटका द्या, त्याने पातं सुटतं आणि गुर्र सुरू होतो. हे विसरलात तर कधीकधी अर्ध्या कास्टपर्यंत पातं गप्पच असतं. रॉडचं टोक खाली, पाण्याकडे आणि थोडं बाजूला, लाइनशी थोडा कोन ठेवून, म्हणजे मासा आला तर रॉडला वाकायला जागा असते.

पहिला प्रकार साधा, एकसारखं ओढणं, पण स्पीड कुठला? ज्याच्या खाली गेलं की थरथर बंद पडते त्याच्या जरासंच वर. नवखे लोक हमखास याच्या दुप्पट वेगात ओढतात. हळू करत करत गुर्र बंद पडेपर्यंत जा, मग एक कणभर वाढवा, तो तुमचा बेस स्पीड. आता त्या स्पीडला ल्यूर गवताच्या शेंड्यांना अधूनमधून घासत गेलं पाहिजे, कधीच लागत नसेल तर फार वर आहे, सारखंच अडकत असेल तर फार खाली आहे, त्याप्रमाणे वजन किंवा ट्रेलर बदला, हाताने स्पीड ओढूनताणून जुळवू नका.

दुसरा प्रकार झटकून काढणं आणि माझ्या मते मोठे मासे यावरच येतात. ल्यूर गवतात गुंतलं, गुर्र बंद झाला, की थांबा, आणि मनगटाने बाजूला एक जोरदार झटका द्या. ल्यूर गवत फाडून सुटतं, पातं परत जिवंत होतं, आणि तिथे बास असेल तर विचार न करता त्याचं तोंड उघडतं. बऱ्याचदा झटका दिल्यावर लगेच रॉड जड लागतो आणि तुम्हाला वाटतं गवत अजून सुटलं नाही, ते गवत नसतं.

मोकळ्या पाण्यात किंवा मागे येऊन न चावणाऱ्या माशासाठी हँडलला मधूनच एक-दोन अर्धे फेरे भरकन मारायचे आणि क्षणभर थांबायचं. थांबल्यावर ल्यूर खाली कलतं, स्कर्ट फुलतो, सुरू केल्यावर बाजूला उडी मारतं. आणि खोल कडेवर यो-यो, म्हणजे ल्यूर बुडापर्यंत सोडून रॉडने दीड-दोन फूट उचलायचं, पातं वाजल्याचं कळलं पाहिजे, मग लाइन थोडी ताणातच ठेवून पडू द्यायचं. पडतानाच मासा घेतो, लाइन पूर्ण सैल सोडलीत तर कळणारच नाही.

आता ती हाताची खबर वाचणं, जे सुरुवातीला म्हटलं. एकसारखा गुर्र असेल तर सगळं ठीक. गुर्र अचानक भरड, अडखळता झाला तर पात्यावर पान किंवा गवताची काडी आहे, झटका द्या, नाही सुटलं तर गुंडाळून साफ करा, त्या कास्टवर मासा लागणार नाही. वजन हळूहळू वाढत गेलं तर गवत, एकदम आलं तर मासा. आणि सगळ्यात जास्त मासे जिथे निसटतात ती वेळ म्हणजे गुर्र पूर्ण गायब होतो आणि वजनही लागत नाही, लाइन सैल. बासने मागून येऊन ल्यूर तोंडात घेतलेलं असतं आणि तो तुमच्याच दिशेने पोहत असतो, पातं त्याच्या तोंडात आहे म्हणून थरथर नाही. अशा वेळी थांबून विचार करत बसू नका, वजन लागेपर्यंत भराभर गुंडाळा.

पायरी ७: हूकसेट (हूक रुतवणं) आणि मासा आणणं

ठोसा बसला की रॉड डोक्यावरून मागे खेचायचा मोह होतो, तो आवरा. गुंडाळणं चालूच ठेवा, रॉडला वजन भरू द्या, मग रॉड बाजूला ताकदीने पण झटका न देता ओढत न्या. हूक दणकट असतो, त्याला दाब लागतो, चाबूक नाही. मासा गवतात घुसायला बघणार, त्याला पहिले दोन-तीन सेकंद डोकं फिरवू देऊ नका, रॉड खाली ठेवून बाजूने दाब द्या. वर उडी मारायला लागला तर टोक पाण्यात घाला, चॅटरबेट जड असल्यामुळे हवेत डोकं हलवून फेकून देणं बासला सोपं जातं.

हातात घेताना हात ओले करा, खालच्या ओठाला धरा, मोठा मासा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या, नुसता जबड्यावर आडवा टांगू नका, जबडा दुखावतो. लांबीची आणि संख्येची मर्यादा, परवाना, आणि शिशाच्या वजनावर बंदी आहे का हे त्या त्या पाण्याच्या नियमात आधीच बघून ठेवा. शिसं चालत नसेल तर टंगस्टन डोक्याची चॅटरबेट मिळतात.

ल्यूर बिघडलं तर

ल्यूर सारखं एकाच बाजूला कलतंय तर आधी ट्रेलर बघा, तो सरळ असेल तर पातं वाकलंय. पकडीने अगदी किंचित उलट वाकवा आणि काठाजवळ परत ओढून बघा. दगडावर फेकून फेकून हूकचं टोक बोथट होतं, नखावर टेकवून ओढा, घसरलं तर फाइल मारा. स्नॅप हा सगळ्यात कच्चा भाग, मोठा मासा किंवा दोन-चार जोरदार अडकण्यानंतर तो उघडायला लागतो, दर थोड्या वेळाने बोटाने दाबून बघा आणि सैल वाटला तर सरळ बदला. लाइनचा शेवटचा फूटभर भागही बोटांत धरून चाचपा, खरखरीत लागला की कापून नवीन गाठ.

घरी गेल्यावर ल्यूर धुवून सुकवूनच बॉक्समध्ये टाका, ओला स्कर्ट चिकटतो आणि पातं-हूक गंजतात. आणि इलॅझटेकचे ट्रेलर, ते झी-मॅनचे ताणणारे, बाकीच्या प्लास्टिकसोबत एका डब्यात ठेवू नका, दोन्ही एकमेकांत विरघळून चिकट लगदा होतो, त्यांना त्यांच्या मूळ पाकिटातच राहू द्या.